देवाजीची शपथ

“हात ठेवा वहीवर,” दिव्यानी म्हणाली.

देवाजीने नातीकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं. वही नाटकाची होती. कोपरे झिजलेले, पाठीला तीनदा सुईदोरा घातलेला आणि आतल्या पानांवर चहाचे डाग. चाळीस हिवाळे देवाजीने असल्या वह्या मांडीवर घेऊन रंगमंचापुढे काढले होते. गावात दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर हात ठेवून तो खुशाल खोटं बोलला असता, पण ह्या वहीवर नाही. नववीतल्या पोरीला हे पक्कं ठाऊक होतं.

“आता म्हना. दिव्यानी स्टेजवर असली का मी तोंड उघडनार नाई.”

“अन् खोकला आला तं?”

“आबाजी!”

“बरं बरं. नाई उघडत.”

“ओठ बी हालवनार नाई.”

“ओठ बी नाई हालवत. आता श्वास घेऊ का नोको, ते बी सांगून टाक.”

“घ्या,” चुलीजवळून गुणाबाईने नवऱ्याला परवानगी दिली. “पन नाकानं.”

एवढा कडक बंदोबस्त करण्यामागे कारण होतं. देवाजी हा झाडीपट्टीतल्या नाटकांचा प्रॉम्टर. धान घरात आलं की वडशाच्या कंपन्या गावोगाव नाटकं घेऊन निघतात, आणि एकेक नट एका हंगामात पाच-सहा नाटकं अंगावर घेतो. आज फौजदार, उद्या सासरा, परवा साधू. एवढ्यांचे संवाद एका डोक्यात राहणार कसे? म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात, पेटीवाल्याच्या शेजारी, वही घेऊन प्रॉम्टर बसतो आणि प्रत्येक ओळ नटाच्या आधी अर्धा श्वास बोलतो. ती नटाला चोख पोचली पाहिजे आणि पुढच्या सतरंजीवरच्या म्हातारीला कळताही कामा नये. असा आवाज कमवायला देवाजीला सहा वर्षं लागली होती.

कमावला तो कमावला, पण मग तो आवरेना. समोर कोणी बोलता बोलता थांबलं की देवाजीचं तोंड आपोआप उघडायचं. लग्नात मंगलाष्टकं म्हणणारा अडला की देवाजी पुढची ओळ द्यायचा. पंधरा ऑगस्टला सरपंच भाषणात अडखळले की देवाजी त्यांना स्वातंत्र्य मिळवून द्यायचा. शेजारीण नवऱ्याशी भांडताना दम घ्यायला थांबली तर तिलाही त्याने पुढचा शब्द पुरवला होता, आणि तो शेजारी पुढे महिनाभर देवाजीशी बोलत नव्हता.

इथपर्यंत चालून गेलं. पण मागच्या सव्वीस जानेवारीला दिव्यानी पिंपळटोल्याच्या शाळेत कविता म्हणायला उभी राहिली. तिने एका कडव्यानंतर नुसता श्वास घेतला, आणि देवाजीने ओळ दिली. नाटकात चालणारी ही युक्ती तिथे फसली, कारण दिव्यानीच्या तोंडापुढे माईक होता आणि देवाजी त्याच्या बरोब्बर खाली बसला होता. भोंग्यातून आधी म्हाताऱ्याचा घोगरा आवाज गेला, मग पोरीचा. धानाच्या बांधीवर काम करणाऱ्या बायांनी सुद्धा ऐकलं. तेव्हापासून वर्गात दिव्यानी उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या बाकावरून कोणीतरी घोगऱ्या आवाजात तिला उत्तर सांगायचं आणि सगळा वर्ग खिदळायचा. वर्षभर ती पोर स्टेजकडे फिरकली नाही.

या वर्षी मराठीच्या हेमराज सरांनी कशीबशी मनधरणी करून तिला वडशाच्या स्पर्धेसाठी तयार केलं होतं. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतल्या हायस्कुलांची कविता पाठांतर स्पर्धा होती.

“आबाजी, आयकून ठेवा,” दिव्यानीने वही कपाटात ठेवली. “ह्या वक्ताले मधात बोलले तं मी जिंदगीत स्टेजवर चढनार नाई. आईची आन.”

चाळीस वर्षं देवाजीने स्टेज खालून पाहिलं होतं. घरातलं कोणी माणूस वर उभं राहून, आपल्या तोंडाने शेवटच्या ओळीपर्यंत बोललेलं त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यासाठी तोंडाला टाके घालावे लागले असते तरी त्याची तयारी होती.

स्पर्धेत सगळ्यांना एकच कविता होती, कारण स्पर्धा भरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष गुणवंतराव हे स्वतः कवी होते आणि ‘अरण्य बोले’ ही बारा कडव्यांची कविता त्यांनीच लिहिली होती. कवितेत झाडं होती, पाखरं होती, उपदेशही होता. खरी गोची वेगळीच होती. प्रत्येक कडवं ‘सांग पाखरा, कुठे तुझे घर?’ या प्रश्नाने संपायचं. पाचवं कडवं ‘बांबूच्या बेटी वारा घाली शीळ’ असं सुरू व्हायचं आणि नववं ‘बांबूच्या बेटी ऊन उतरले’ असं. आठव्यानंतर चुकून वारा म्हटला की माणूस पुन्हा पाचव्यात, तिथून फिरून आठव्यात, आणि परत बांबूच्या बेटी. जंगलात चकवा लागलेला माणूस रात्रभर एकाच झाडाभोवती फिरतो तसला प्रकार. घरी सराव घेताना देवाजीने त्या जागेचं नावच ‘चकवा’ ठेवलं होतं. दिव्यानीला आठ दिवस त्यात फिरवून त्याने बाहेर काढलं, आणि तेवढ्यात बाराही कडवी त्याला स्वतःला पाठ झाली. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच होतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळच्या एसटीने देवाजी, दिव्यानी आणि हेमराज सर वडशाला उतरले. देवाजीने शपथेला जोड म्हणून आपल्यापुरता एक उपाय योजला होता. स्टँडवरून त्याने सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेतला आणि सगळाच्या सगळा डाव्या गालात भरला. इतका भरला की ‘हो’ म्हणायलाही जागा उरली नाही.

हा उपाय शाळेच्या गेटपर्यंत टिकला. तिथे बिल्ला लावलेल्या दोन मुली उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा भिंतभर फलक होता.

“आजोबा, थुकून या.”

देवाजीने हाताने नकार दिला.

“आजोबा, नियम आहे. आमच्या सायबांनी सांगतलं, चपराशी असो का पाहुना, कोनालेच सोडाचं नाई.”

देवाजीने कोपऱ्यात जाऊन गाल मोकळा केला आणि हताशपणे परत आला. “बेटा, ते खर्रा नोयता,” तो म्हणाला. “कुलूप होतं.”

मुलींना काही कळलं नाही. त्यांनी त्याला पेढा दिला.

दुसरा उपाय म्हणजे सर्वांत मागच्या रांगेत बसायचं. तिथून सांगितलेलं कोणालाच पोचलं नसतं. पण सभागृहात पाऊल टाकतो न टाकतो तोच बिल्लावाले एक शिक्षक धावत आले. पुढची रांग पाहुण्यांसाठी राखलेली होती आणि पाहुण्यांची गाडी गडचिरोलीहून निघायचीच होती. रिकाम्या खुर्च्या फोटोत वाईट दिसतात, तेव्हा पांढरी टोपी, स्वच्छ धोतर आणि खांद्यावर दुपट्टा असलेला म्हातारा त्यांना देवासारखा भेटला.

“काका, इथी बसा. मधात.”

“नोको साहेब, मी मांगं…”

“मांगं काऊन? तुमी तं फोटोसाठीच जलमले!”

देवाजीला खांदे धरून बसवण्यात आलं. त्याने डोळे वर केले. समोर रंगमंच, आणि आपण त्याच्या अगदी पुढ्यात, मधोमध. नेमकी प्रॉम्टरची जागा. परीक्षकांचं टेबल डावीकडे कोपऱ्यात होतं. तेवढ्यात लाईन गेली. पंखे थांबले, माईक मुका झाला, आणि गुणवंतरावांनी उभं राहून जाहीर केलं की कवितेला विजेची गरज नसते.

नियम वाचले गेले. त्यातला चौथा होता, ‘बाहेरून कोणी ओळ सांगितल्यास स्पर्धक बाद.’ नियम वाचणाऱ्या वच्छलाबाई मुख्य परीक्षक होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या चष्म्यावरून आलेली नजर अजूनही पहिल्या बाकाला पाठ सरळ करायला लावायची. देवाजीने पाठ सरळ केली. मांड्यांवर हात ठेवले. ओठ मिटले. दिव्यानीचा नंबर बारावा, शेवटचा होता. तेवढा वेळ निभावलं की झालं.

पहिला मुलगा सिरोंचाकडचा होता. छान म्हणत होता. चौथं कडवं झालं, आठवं झालं. ‘सांग पाखरा, कुठे तुझे घर?’ असं म्हणून तो थांबला. डोळे छताकडे गेले. कपाळावर घाम आला. सभागृहात कोणीतरी खाकरलं.

“बांबूच्या बेटी ऊन उतरले,” असं देवाजी बोलून गेला.

पोराचा चेहरा एकदम उजळला. “बांबूच्या बेटी ऊन उतरले!” त्याने ठणकावून सांगितलं आणि गाडी थेट बाराव्या कडव्यापर्यंत नेली. टाळ्या झाल्या. वच्छलाबाईंनी आकडा लिहिला. पाठीमागच्या खुर्चीतल्या माणसालासुद्धा काही ऐकू आलं नव्हतं. आवाज अजून पहिल्यासारखाच चालत होता.

देवाजी मात्र गारठला. त्याने मनातल्या मनात शपथ पुन्हा तपासली. दिव्यानी स्टेजवर असली का तोंड उघडणार नाही, असं ठरलं होतं. दिव्यानी स्टेजवर नव्हती. पडद्याआड होती. म्हणजे शपथ शाबूत होती. तरीही आता पुन्हा नाही, असं त्याने ठरवलं.

दुसरी मुलगी पाचव्यातच अडली. तिला दिली. तिसरा सहाव्यात. चौथीला तर कुठे अडली हेच कळत नव्हतं, तिला दोनदा दिली. प्रत्येक वेळी देवाजी दात आवळायचा, आणि प्रत्येक वेळी समोरच्या लेकराचे डोळे पाण्याने भरले की दात आपोआप सुटायचे. अडलेल्या माणसाला ओळ न देणं म्हणजे बुडत्याकडे पाहत बिडी ओढण्यासारखं, अशी त्याची शिकवण होती.

पडद्याआड बातमी पोचायला वेळ लागला नाही. पाचव्या मुलीने येऊन आधी अध्यक्षांना नमस्कार केला आणि मग देवाजीला. सहावा मुलगा अडण्याची वाटसुद्धा न पाहता खाली बघून मान हलवू लागला, की द्या आता. पडद्याच्या फटीतून दिव्यानीचा एक डोळा बाहेर आला. देवाजीने दोन्ही तळवे वर करून आपण निर्दोष असल्याचं खुणेने सांगितलं. डोळा बराच वेळ रोखलेला राहिला आणि मग आत गेला.

नवव्या नंबरावर राजुऱ्याचा लोकेश आला. ह्या पोराने दोन कडवी पाठ केली होती, बाकीची एसटीत करू असं ठरवलं होतं आणि एसटीत त्याला झोप लागली होती. पण पडद्याआड त्याला सगळी माहिती मिळालेली होती. दोन कडवी संपल्यावर तो कमरेवर हात ठेवून ऐटीत उभा राहिला आणि त्याने देवाजीकडे पाहिलं. घाबरून नाही, हक्काने पाहिलं. कंपनीतला हुकमी नट प्रॉम्टरकडे पाहतो, तसं.

त्या नजरेने देवाजीचा घात केला. शपथ, वडसा, स्पर्धा सगळं विसरून तो चाळीस वर्षांत शिरला. तिसऱ्या कडव्यापासून तो पोराला ओळीमागून ओळ देऊ लागला आणि ओळींबरोबर सवयीने सूचनाही गेल्या. “डावीकडं दोन पावलं… हात वर… आता आवाज ओला करा… डोळे पुसा… एक गुडघा खाली.” लोकेशने सगळं केलं. शेवटच्या ‘सांग पाखरा’ला तो गुडघ्यावर बसून असा काही हुंदकला की मागच्या रांगेतून आरोळी आली, “वन्स मोअर!”

“ही स्पर्धा आहे, नाटक नाही,” वच्छलाबाईंनी घंटी वाजवली. त्यांनी चष्मा पुसला, लोकेश कुठे पाहत होता तिकडे पाहिलं आणि मग देवाजीकडे पाहिलं. देवाजी तळहातावरच्या रेषा वाचू लागला.

गुणवंतराव मात्र विरघळून गेले होते. आपली कविता इतकी लोकांच्या तोंडी बसली आहे, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. बारा कडवी, आणि एकही लेकरू चुकत नाही! ते रुमालाने डोळे टिपत होते.

अकरावा स्पर्धक संपला तेव्हा देवाजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अकरा जणांनी कविता बिनचूक म्हटली होती, कारण त्यांना आपण सांगितलं. बाराव्या पोरीला तेवढं सांगायचं नाही. म्हणजे दोन जिल्ह्यांतून अडण्याची भीती असलेली एकटी आपलीच नात. अकरा पोरांचं भलं करता करता आपण घरच्याच पोरीच्या वाटेत काटे पसरून ठेवले, हे कळल्यावर त्याला उठून पळावंसं वाटलं. तो उठलाही.

“काका, कुठी निंगाले?” बिल्लावाल्या शिक्षकांनी पुन्हा खांदे धरले. “पाहुने आरमोरीपर्यंत आले. आता हालू नोका.”

“पिंपळटोल्याची दिव्यानी,” असा पुकारा झाला.

देवाजीने दुपट्ट्याचं टोक गोळा करून तोंडात कोंबलं.

दिव्यानी आली. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं, आणि मग नजर उचलून सभागृहाच्या मागच्या खिडकीवर ठेवली. ‘अरण्य बोले, ऐका हो सारे.’ आवाज स्वच्छ होता. घाई नव्हती. देवाजी दुपट्टा चावत एकेक कडवं मोजत राहिला. तिसरं. चौथं. बांबूच्या बेटी वारा घाली शीळ, बरोबर. सहावं, सातवं. आठव्याच्या शेवटाला ती आली.

“सांग पाखरा, कुठे तुझे घर?”

आणि थांबली.

देवाजी मोजू लागला. एक. दोन. चकवा! पोरगी चकव्यात सापडली. तीन. त्याचे डोळे बाहेर आले, मानेच्या शिरा फुगल्या, दुपट्टा आतून ढकलला जाऊ लागला. चार. दोन रांगा मागे बसलेल्या हेमराज सरांनी हा लालबुंद चेहरा बाजूने पाहिला आणि ते वाकत वाकत धावले.

“काका! छातीत दुखून राह्यलं का?” ते कानात कुजबुजले, आणि श्वास मोकळा व्हावा म्हणून त्यांनी तोंडातला दुपट्टा खसकन ओढून काढला.

कुलूप आधीच गेलं होतं, आता दारही उघडलं. ओळ जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. एक श्वास सोडला की पोचणार, कोणाला कळणार नाही, चौथा नियम नाही, काही नाही, पोरगी सुटेल. देवाजीचे ओठ विलग झाले. आणि त्याला वहीची झिजलेली कोर दिसली, आणि वहीवर ठेवलेला आपलाच हात. त्याने दोन्ही हातांनी खालचा जबडा धरून वर दाबला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. चाळीस वर्षांत शेकडो नटांना त्याने ओळ दिली होती, पण ओळ गिळली मात्र आज पहिल्यांदाच. ती कडू लागली.

“बांबूच्या बेटी ऊन उतरले,” वरून आवाज आला. सावकाश, जणू पाखराने उत्तर द्यायला वेळ घेतला होता आणि आता दिलं होतं. “सावल्या लांबल्या, वाट दारी आली…”

देवाजीने डोळे उघडले तेव्हा दिव्यानी अकराव्यात होती. बाराव्यात होती. मग हात जोडून उभी होती, आणि टाळ्यांचा आवाज त्याला कुठूनतरी लांबून ऐकू येत होता. त्याच्या जबड्यावर दहा बोटांचे ठसे उमटले होते. हेमराज सर अजून त्याची नाडी शोधत होते.

निकालाआधी परीक्षकांच्या टेबलावर दबक्या आवाजात खडाजंगी झाली. देवाजीचे कान आयुष्यभर कुजबुज ऐकण्यात तयार झालेले, त्याला सगळं कळत होतं.

“चौथा नियम लावायचा तर अकरा बाद,” वच्छलाबाई म्हणत होत्या. “मीही झाडीपट्टीतलीच आहे, भाऊ. पोरांचे डोळे कुठे जातात ते मला दिसतं.”

“ताई, अकरा बाद केले तर बारावी जिंकली कोणाशी?” गुणवंतराव घायकुतीला आले. “भिंतीशी? पुढच्या वर्षी ही स्पर्धा कोण होऊ देईल?”

शेवटी तोड निघाली. दुसरा आणि तिसरा नंबर अकरा जणांत चिठ्ठ्या टाकून काढला गेला आणि लोकेशला अभिनयाचं खास बक्षीस मिळालं, जे यादीत नव्हतंच. पहिला नंबर जाहीर करताना वच्छलाबाई उभ्या राहिल्या.

“अकरा मुलांनी पाखराला विचारलं, कुठे तुझं घर, आणि उत्तराची वाट न पाहता ती पुढे धावली. एकटी दिव्यानी विचारून थांबली. प्रश्न विचारल्यावर थांबायचं असतं.” मग त्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. “आणि त्या वेळात इतर कोणीही बोललं नाही, याचेही मी मनातल्या मनात गुण दिले आहेत.”

बक्षिसाची ढाल घेऊन दिव्यानी खाली आली आणि देवाजीच्या शेजारच्या, पाहुण्यांच्या खुर्चीत बसली.

“चकव्यात अडकली होती ना वं?” देवाजीने विचारलं.

“नाई.”

“मंग थांबली काऊन?”

“तुमाले पाहत होती,” दिव्यानी ढालीवरची धूळ पुसत म्हणाली. “अकरा झनाले सांगतलं तुमी. म्हनलं, मले सांगते का नाई, पाहू.”

इतका जीव घेणारा विराम चाळीस वर्षांत कुठल्या नटाने घेतला नव्हता, आणि पोरीने तो थेट प्रॉम्टरवर घेतला होता!

“अन् सांगतलं असतं तं?”

“तं तिथूनच खाली उतरली असती.” मग ती त्याच्या दंडाला टेकली. “नाई सांगतलं ना पन.”

कार्यक्रम इथे संपायला हवा होता. पण पाहुणे अजून आलेले नव्हते आणि गुणवंतरावांचं मन भरून वाहत होतं. लेकरांनी कवितेवर एवढी माया केली, तर कवीने मागे का राहावं? ‘अरण्य बोले’ आता स्वतः कवीच्या मुखातून ऐकावी, अशी त्यांनी स्वतःलाच विनंती केली आणि ती मान्यही केली. कागद नको, माईक नको. शाल सावरून ते रंगमंचाच्या मधोमध उभे राहिले.

आठ कडवी दणक्यात गेली. मग, “बांबूच्या बेटी वारा घाली शीळ!”

देवाजी आणि दिव्यानीने एकमेकांकडे पाहिलं. गुणवंतराव पाचव्यातून सहाव्यात गेले, सहाव्यातून सातव्यात, आणि पुन्हा येऊन पाखराला घर विचारू लागले. पाखराचं घर काही सापडेना. तिसऱ्या फेरीला पोरांच्या रांगेत खसखस पिकली. गुणवंतरावांच्याही लक्षात आलं. “सांग पाखरा, कुठे तुझे घर?” असं म्हणून ते थांबले. डोळे छताकडे गेले. स्वतःचं लेकरू ओळखू न येणाऱ्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला, आणि खसखस एकाएकी बंद पडली. सगळ्यांनाच वाईट वाटलं.

देवाजीच्या ओठांना खाज सुटली. पण त्याने आज एकदा जिंकलं होतं आणि नात शेजारीच बसली होती. त्याने हात उचलून जबडा धरला. आज नाही म्हणजे नाही.

“बांबूच्या बेटी ऊन उतरले.”

ओळ गेली. हलकी, पातळ, अर्धा श्वास आधी, नेमकी रंगमंचाच्या मधोमध. आता मागच्याच खुर्चीत येऊन बसलेल्या हेमराज सरांनाही ऐकू आली नाही. “बांबूच्या बेटी ऊन उतरले!” गुणवंतराव गर्जले आणि सुटलेल्या बैलासारखे नवव्यातून थेट बाराव्याकडे धावत सुटले.

देवाजीने तोंड चाचपलं. ते मिटलेलंच होतं, दोन्ही हातांत घट्ट धरलेलं. त्याने हळूच मान वळवली. दिव्यानी मांडीवर ढाल घेऊन अगदी सरळ समोर पाहत होती. तिच्या मिटल्या ओठांवर हालचालीचा मागमूससुद्धा नव्हता.

“तू?” देवाजीने विचारलं. “अन् शपत?”

“शपत तुमची होती, आबाजी,” ओठ न हलवता ती म्हणाली. “माही नोयती.”